डोंगर राखायचा, पण कुणाला विचारून?



आज आपण डोंगर, पाणी आणि गवत यांविषयी बोलणार आहोत. पण खरे बोलायचे आहे ते माणसांविषयी.

डोंगर राखावा, झाडे राखावी, पाणी राखावे, हे आता सगळेच म्हणतात. सरकार म्हणते, शाळेतली पोरे म्हणतात, भिंतीवरही तसे लिहिलेले असते. राखायचे हे ठरले. त्यात वाद नाही. वाद पुढेच आहे. कुठे राखायचे? कसे राखायचे? त्यासाठी कुणी काय सोडायचे? आणि हे सारे ठरवायचे कुणी?

एखाद्या दिवशी गावात गाडी येते. दोन-चार माणसे उतरतात. हातात नकाशा असतो. ती डोंगराकडे बोट दाखवतात, मोजमाप करतात आणि जातात. पुढे काही महिन्यांनी आपल्याला कळते की, गावाचा आराखडा तयार झाला. आराखडा म्हणजे पुढच्या कामाचा बेत. बेत आपल्या घराचा, पण आखला दुसऱ्याने. मग तो आपल्याला परका वाटतो. परक्या गोष्टीची राखण कोण करील?

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले. एका गावी आमची नेमणूक होती, तेव्हा तिथे ओढ्यावर एक मातीचा बांध घातला होता. काम चांगले होते. पण बांध घातला तो नेमका पायवाटेवर. त्या वाटेने वाडीतल्या बाया पाण्याला जात. कुणी त्यांना विचारले नव्हते. पहिल्या पावसात पाणी अडले आणि वाट बुडाली. आठ दिवसांत कुणीतरी रात्री बांध फोडला. कुणी फोडला ते शेवटपर्यंत कळले नाही. पन्नास पावले वर बांध घातला असता, तर पाणीही अडले असते आणि वाटही राहिली असती. वाडीतली कोणतीही बाई हे सांगू शकली असती.

ही झाली लहान गोष्ट. आता मोठी ऐका. ती आपल्याच मुलखातली आहे.

माळढोक नावाचा पक्षी तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी पाहिला असेल. उंचीला जवळ जवळ मीटरभर. लांब पाय, लांब मान, अंग तपकिरी. मोकळ्या गवताळ माळावर तो राहतो. घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवरच अंडे घालतो, आणि बहुधा एका वेळी एकच. म्हणून त्याची वाढ फार हळू होते. किडे, नाकतोडे खाऊन तो शेतकऱ्याला मदतच करतो.

हा पक्षी कमी होऊ लागला, म्हणून १९७९ साली सरकारने माळढोक अभयारण्य जाहीर केले. हेतू चांगला होता. पण त्याची हद्द केवढी होती? सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! आपला सारा जिल्हा सुमारे १७,००० चौरस किलोमीटरांचा आहे. म्हणजे अर्ध्या जिल्ह्याएवढी जागा. ती सोलापूर आणि आपला, अशा दोन जिल्ह्यांत पसरली होती. आपल्याकडचे कर्जत, श्रीगोंदे आणि नेवासे तालुके तीत आले. नुसते माळ आले असते तर गोष्ट वेगळी. पण शेते आली, वस्त्या आल्या, बाजाराची गावे आली. जिथे माळढोक कधी उतरला नव्हता, तिथली जमीनही आली.

मग अडचणी सुरू झाल्या. जमिनीच्या व्यवहाराला, बांधकामाला, धंद्याला परवानगी काढावी लागे. माणसे चिडली. राग कुणावर निघाला? पक्ष्यावर! "माळढोक दिसला की आमचं काम अडलं," असे लोक म्हणू लागले. ज्या माणसांनी पक्ष्याची राखण करायची, तीच त्याच्यावर रुष्ट झाली.

पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बऱ्याच वर्षांनी अभयारण्याची हद्द कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणली. पण तोवर माळढोक कुठे होता? आज महाराष्ट्रात तो जवळ जवळ दिसेनासाच झाला आहे. साऱ्या देशात दीडशेच्या आसपास उरले असतील, आणि तेही बहुतेक राजस्थानात.

न्यायाने बोलायचे तर माळढोक गेला तो एका कारणाने नव्हे. माळ नांगरले गेले. शिकार झाली. विजेच्या तारांना धडकून पक्षी मेले. पण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. माळढोक कोणत्या माळावर अंडे घालतो हे कुणाला ठाऊक होते? मेंढ्या वळणाऱ्या धनगराला. माळाकडेच्या शेतकऱ्याला. त्यांना आधी विचारले असते, तर हद्द लहान निघाली असती आणि ती पाळली गेली असती. एवढी मोठी रेघ नकाशावर ओढली, पण माणसांच्या मनात ती उतरली नाही.

आता दुसरा दाखला पाहू. हाही आपल्याच जिल्ह्यातला.

नगर तालुक्यात हिवरे बाजार नावाचे गाव आहे. गावचे शिवार सुमारे ९७६ हेक्टर. पाऊस बेताचा, साधारण ४०० मिलिमीटर. डोंगर उघडे पडले होते. विहिरी हिवाळ्यातच तळ गाठीत. माणसे कामासाठी बाहेरगावी जात. १९९५ च्या सुमारास गावात १८२ कुटुंबे होती, आणि त्यांतली १६८ दारिद्र्यरेषेखाली होती.

१९८९ साली पोपटराव पवार हे शिकलेले तरुण गृहस्थ तिथे सरपंच झाले. त्यांनी आणि गावकऱ्यांनी ग्रामसभा जागी केली. ग्रामसभेत काही नियम ठरले. कुऱ्हाडबंदी, म्हणजे झाड तोडायचे नाही. चराईबंदी, म्हणजे डोंगरावर गुरे मोकळी सोडायची नाहीत. नशाबंदी. नसबंदी, म्हणजे कुटुंब लहान ठेवायचे. आणि श्रमदान. शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने ही वाट आधी दाखवली होती. तिथे अण्णा हजारे १९७५ पासून काम करीत होते.

हिवरे बाजारच्या लोकांनी सुमारे ७० हेक्टर उजाड वनात काम काढले. डोंगराच्या उतारावर हजारो समतल चर खणले. समतल चर म्हणजे उताराला आडवा खणलेला लांब खड्डा. पावसाचे पाणी त्यात थांबते, मुरते आणि खाली विहिरीला लागते. त्यानंतर गावाने १९९५ ते २००० असा पाच वर्षांचा आपला आराखडा केला. सरकारच्या निरनिराळ्या खात्यांचा पैसा त्या कामी आणला. पैसा सरकारचा, पण बेत गावाचा. हा फरक लक्षात ठेवा.

गावाने आणखी एक नियम केला. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही. ऊस, केळी अशी फार पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. पावसाळा संपला की गाव पाण्याचा हिशोब मांडते. किती मिलिमीटर पाऊस पडला, विहिरींना किती पाणी आहे, ते मोजतात. मग ग्रामसभेत ठरते की, यंदा रब्बीला काय पेरायचे. आधी माणसांना, मग जनावरांना, मग पिकांना. पुढे डोंगरावर गवत वाढले. दूध वाढले. बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. २०२० साली पोपटराव पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, तिथं पुढारी चांगला मिळाला. आम्हांला कुठला मिळायला?" खरे आहे. चांगला माणूस पुढे असला की काम सोपे होते. पण एका माणसाने सारे डोंगर खणले नाहीत. एका माणसाने बोअरबंदी पाळली नाही. ती सर्वांनी पाळली, कारण ठरवताना सर्व हजर होते.

आता हा पाण्याचा हिशोब आपणही करून पाहू. आम्ही जुने मास्तर. गणित सांगितल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही!

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी होते. पाऊस ४०० मिलिमीटर पडला, तर एका हेक्टरवर ४० लाख लिटर झाले. आपल्या शिवारात हजार हेक्टर जमीन असेल, तर ते झाले ४०० कोटी लिटर. त्यातले पुष्कळ वाफेने जाते, काही ओढ्याने वाहून जाते. थोडे मुरते. जे मुरते तेच उन्हाळ्यात आपले.

आता खर्चाची बाजू. गावात हजार माणसे धरा. माणशी रोज ५५ लिटर. वर्षाला किती? सुमारे २ कोटी लिटर. मोठी जनावरे ५०० धरा. दर जनावराला रोज ५० लिटर. वर्षाला सुमारे ९१ लाख लिटर. म्हणजे माणसे आणि गुरे मिळून ३ कोटी लिटरांच्या आत भागते.

आणि उसाला किती लागते? उसाला वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते. एका हेक्टरला ते झाले २ कोटी लिटर. आता हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. हजार माणसांचे वर्षाचे पाणी २ कोटी लिटर. एक हेक्टर उसाचे पाणीही २ कोटी लिटर!

आम्ही उसाला नावे ठेवत नाही. उसाने आपल्या जिल्ह्यात किती घरे उभी केली हे आम्ही जाणतो. पहिला सहकारी साखर कारखाना आपल्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी निघाला. जिथे धरणाचे, पाटाचे पाणी आहे तिथला विचार वेगळा. पण जिथे फक्त विहिरीचे पाणी आहे, तिथे तुमचा ऊस आणि शेजाऱ्याचा रांजण एकाच झऱ्यावर जगतात. जमिनीवर बांध असतो. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. म्हणून पाण्याचा बेत एकट्याला करता येत नाही. तो सर्वांनी बसूनच करावा लागतो.

आता अवघड गोष्टीकडे येऊ. ती टाळून चालणार नाही.

डोंगर राखायचा म्हटले की पहिला नियम येतो चराईबंदीचा. सभेत हात वर होतात. ठराव पास होतो. पण कुणाचे हात वर होतात? ज्याच्या घरी दहा एकर रान आणि गोठ्यात कडबा आहे, त्याचा हात चटकन वर होतो. त्याचे काय जाते? ज्या विधवा बाईच्या दारी चार शेळ्या आहेत आणि जमीन गुंठाभरही नाही, तिने काय करायचे? तिचा चारा डोंगरावर. तिच्या मुलाची वही आणि पेन्सिल त्या शेळ्यांवर. बंदी झाली की तिने शेळ्या विकायच्या. तीन वर्षांनी विहिरींना पाणी येईल, पण विहीर कुणाच्या रानात? पुन्हा दहा एकरवाल्याच्या. म्हणजे सोडले एकीने आणि मिळाले दुसऱ्याला. ही बाई सभेला आली नसेल, तर तिच्या वतीने कोण बोलणार?

डोंगर राखणे चांगलेच. पण त्याचे ओझे गरिबाने वाहायचे आणि फळ धनवानाने खायचे, हा न्याय नव्हे. आणि जिथे न्याय नाही, तिथे नियम टिकत नाही. रात्री शेळ्या डोंगरावर जातातच. मग भांडणे होतात, कोंडवाडे भरतात, आणि एक दिवस सारा गाव म्हणतो की, "जाऊ द्या, आपल्या गावात काही होत नाही."

यावर उपाय आहेत. ते गावांनी करून पाहिले आहेत.

पहिला उपाय. साऱ्या डोंगरावर एकदम बंदी घालू नये. डोंगराचे भाग करावेत. एक भाग बंद, बाकीचे खुले. पहिला भाग सावरला की दुसरा बंद करावा.

दुसरा उपाय. चरायला बंदी, पण कापायला मुभा. गवत विळ्याने कापून डोक्यावर भारा आणावा. गुरांच्या पायांनी नवी रोपे मोडत नाहीत आणि चाराही मिळतो. या गवतावर पहिला हक्क भूमिहीन घरांचा असावा.

तिसरा उपाय. चर, बांध, रोपे यांच्या कामाची मजुरी आधी त्याच घरांना द्यावी.

चौथा उपाय पाण्याच्या वाटणीचा. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात नायगाव आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायतीचे काम उभे केले. तिचा नियम साधा होता. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या मापाने वाटायचे. घरात जितकी माणसे, तितका वाटा. भूमिहीनालाही वाटा. आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. वाटा मिळाला की राखणही सर्वांची झाली.

आता विचारायचे कसे, ते सांगतो. नुसती दवंडी दिली आणि चावडीवर सभा भरवली म्हणजे विचारले असे होत नाही.

आपल्या जिल्ह्यात फादर हर्मन बाखर नावाचे गृहस्थ होऊन गेले. जन्म स्वित्झर्लंडचा, पण आयुष्य घालवले इथल्या खेड्यांत. त्यांच्या प्रयत्नाने पाणलोटाचा एक मोठा कार्यक्रम उभा राहिला, आणि त्यासाठी १९९३ साली नगरला 'वॉटर' नावाची संस्था निघाली. पाणलोट म्हणजे काय? डोंगरमाथ्यावर पडलेला थेंब ज्या ओढ्याला मिळतो, त्या ओढ्याचे सारे क्षेत्र. या लोकांची रीत अशी. गावाने मागणी करायची. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे. मग ग्रामसभेने पाणलोट समिती निवडायची. आणि बेत आखायचा तो ऑफिसात नाही, शेतात.

ते करतात असे. एक एक गट नंबर घेतात. त्या रानाच्या धन्याला आणि त्याच्या बायकोला, दोघांनाही, त्यांच्याच बांधावर बोलावतात. सगळे मिळून रान फिरतात. माती कुठे वाहते? खडक कुठे आहे? बांध कुठे पाहिजे? झाड कोणते लावायचे? नवरा म्हणतो, "इथं आंबा." बायको म्हणते, "पाणी कोण घालणार? मीच ना? मग सीताफळ लावा." दोघांचे एकमत झाले की ते कागदावर लिहितात. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या कोरड्या गावांत असे काम झाले.

पहा, यात शहाणपण काय आहे? साहेबाला उतार मोजता येतो. पण गेल्या वीस वर्षांत कोणत्या पावसात कोणता बांध फुटला, हे धन्यालाच ठाऊक असते. पाण्याचा हंडा किती लांबून येतो, ते बाईलाच ठाऊक असते. कोणते गवत कधी उगवते, ते मेंढपाळाला ठाऊक असते. शिक्षण दोघांकडेही आहे. दोन्ही शिक्षणे एकत्र आली, तर बेत पक्का होतो.

म्हणून आमचे सांगणे असे आहे.

आधी शिवारफेरी करा. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत सर्वांनी चालत जा. म्हातारी माणसे न्या. गुराखी पोरे न्या. चालताना जे बोलणे निघते, ते सभेत निघत नाही.

मग देवळापुढच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढा. ओढा निळ्या रंगाने, वाटा पांढऱ्या रंगाने, डोंगर हिरव्या रंगाने. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही हा नकाशा वाचता येतो. "माझी वस्ती कुठं गेली?" असे एखादी म्हातारी विचारील. विचारू द्या. तिची वस्ती काढून झाल्यावरच पुढे जा.

मोठ्या सभेआधी वस्तीवस्तीवर लहान बैठका घ्या. बायांची सभा वेगळी घ्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी, असा नियमच आहे. ती कागदोपत्री नको, खरी घ्या. वेळ विचारून घ्या. सकाळी दहाला सभा ठेवली, तर मजूर बाई खुरपणीवर असते.

ठराव करताना प्रत्येक बंदीपुढे दोन प्रश्न विचारा. हिच्यामुळे कुणाचे काय जाईल? आणि त्याला बदली काय मिळेल? उत्तर नसेल, तर ठराव पुढच्या सभेला ठेवा. एक महिना उशीर परवडतो. फुटलेले गाव परवडत नाही.

आणि वर्षाने पुन्हा बसा. झाले किती, राहिले किती, खर्च किती, हे मोठ्याने वाचून दाखवा. चुकले असेल ते बदला. आराखडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. पीक पाहून पाणी द्यावे, तसा अनुभव पाहून बेत बदलावा.

शेवटी एक गोष्ट, खास तुमच्यासाठी. तुम्ही आता वाचायला शिकलात. वाचायला शिकून पहिले काय वाचावे? पोथी वाचा, वर्तमानपत्र वाचा. पण त्याबरोबर गावचे प्रोसिडिंग बुक वाचा. ग्रामसभेत काय ठरले ते त्यात लिहिलेले असते. आजवर कुणी म्हणे, "इथं अंगठा करा," आणि आपण करत होतो. कागदावर काय आहे हे सांगेल तो खरा. आता तसे नाही. आता म्हणा, "थांबा भाऊ, आधी वाचू द्या." त्या डोंगराचे काय ठरले, त्या ओढ्याचे काय ठरले, आपल्या वस्तीचे नाव आहे की नाही, हे बोट ठेवून वाचा. अक्षर लागत नसेल, तर शेजारणीला विचारा. दोघी मिळून वाचा. समजले तर सही करा. पटले नाही, तर उठून बोला आणि आपले म्हणणे लिहून घ्यायला लावा.

यात भांडण नाही. हा तुमचा हक्क आहे, आणि तुमचे कामही आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, या दिवसांच्या सुमारास ग्रामसभा भरतात. हे दिवस घरातल्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा.

या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवी इथल्याच, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांनी देशभर विहिरी बांधल्या, घाट बांधले. आपल्याला एवढे मोठे काम झेपणार नाही. पण आपल्या गावचा एक ओढा आणि एक डोंगर आपल्याला झेपेल, जर साऱ्यांनी हात लावला तर. आणि सारे हात लावतील, जर साऱ्यांना आधी विचारले तर.

येत्या ग्रामसभेला जाताना एकटे जाऊ नका. ज्या घरातून आजवर कुणी सभेला आले नाही, त्या घरी आधी जा. त्यांना सोबत घ्या. पुढच्या रांगेत बसवा. आणि त्यांना पहिल्यांदा बोलू द्या.